तांदळावरची हरकत

आई, या वेळी तुला सांगायचंय ते तुझ्याच विषयातलं आहे. तू लॉ कॉलेजात प्रशासकीय कायदा शिकवायचीस आणि मी रसायनशास्त्राकडे पळाले, तेव्हा तू म्हणाली होतीस, "पळ. नियम काय, कुठेही गाठतात." त्यांनी मला जपानात येऊन गाठलं, आणि मी घाबरलेय. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता तुझी नात पहिलीत आहे, तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला जपानीत उत्तर देते. आम्ही टोकियोत ओजिमाला राहतो. सरकारी वसाहतीच्या या उंच इमारतींमध्ये संध्याकाळी पुण्यातल्यासारखा फोडणीचा वास येतो, इतकी आपली माणसं आहेत इथे.

भूकंप झाला तेव्हा तुझी नात नुकती बसायला लागली होती. फुकुशिमाच्या अणुभट्टीतून काय काय हवेत गेलं ते बातम्यांतून कळत होतं, आजूबाजूची घरं रिकामी होत होती, जो तो विमानाचं तिकीट शोधत होता. मग एक दिवस जाहीर झालं की नळाचं पाणी तान्ह्या मुलांना देऊ नका. तोवर त्याच पाण्यात तिची पेज शिजून तिच्या पोटात गेली होती. पुढे सांगितलं की पाणी ठीक आहे, द्या आता. मी आकडे वाचू शकते, ते पाणी तिला बाधणारं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण त्या दिवशी जी भीती बसली ती गेलीच नाही. तिचं नाक वाहिलं तरी माझं धाबं दणाणतं.

आणि काम काय करते विचार. कावासाकीच्या एका प्रयोगशाळेत लोकांच्या खाण्यातलं किरणोत्सारी सिझियम मोजते. तांदूळ दळायचा, डबीत भरायचा, शिशाच्या जाड भिंतींच्या यंत्रात ठेवायचा आणि वाट बघायची. युरोपात जाणाऱ्या काही मालाबरोबर असा तपासणीचा दाखला लागतो. कुठल्या प्रांताच्या कुठल्या मालाला तो लागतो, ही यादी आमची रोजीरोटी. तू असतीस तर ती यादी कुठून येते हे आधी विचारलं असतंस, म्हणून सांगते. ती युरोपच्या मूळ कायद्यात नाही. कायदा एवढंच म्हणतो की बाहेरून येणाऱ्या अन्नात धोका दिसला तर युरोपीय आयोगाने, म्हणजे त्यांच्या कारभार बघणाऱ्या मंडळाने, उपाय करावेत. मग आयोग नियम करतो, सदस्य देशांच्या माणसांची समिती त्यावर मत देते, आणि काही काळाने यादीतली नावं कमी होतात. तू कॉलेजात याला प्रत्यायोजित विधान म्हणायचीस आणि घरी मुखत्यारपत्रावरचे कायदे. घरमालक गावाला गेलेला, मुखत्यार किल्ल्या घेऊन बसलेला, असं तू भाजी चिरता चिरता समजावायचीस आणि मी कंटाळायचे.

इथली सगळी मराठी मंडळी मला विचारतात. "तू त्यातलीच ना गं, पालक घेऊ का? मशरूम चालतील का?" मी सगळ्यांना शांतपणे सांगते, घ्या, आम्ही तपासतो, काही सापडत नाही. खरंच सापडत नाही. आणि स्वतः मात्र दुकानात पाकीट उलटं करून गाव वाचते आणि हळूच परत ठेवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. नवरा हसतो. म्हणतो, "तुझ्या यंत्रावर तुझाच विश्वास नाही, मग जपानी लोकांनी कशाला ठेवायचा?" त्याला कसं सांगू की यंत्र म्हणतं, "मला दिसलं नाही"; "नाहीच" असं ते कधी म्हणत नाही.

यंदा लेक शाळेत जाऊ लागली. इथे शाळेत दुपारचं जेवण शाळाच देते, सगळ्यांना एकच, वर्गातच, मुलंच वाढतात. महिन्याचा बेत घरी येतो. शरदात आलेल्या बेतावर तांदळाचं गाव लिहिलं होतं: फुकुशिमा. मी काय केलं असेल? तिच्या वर्गशिक्षिकेला, सेन्सेईंना, सांगितलं की आम्ही हिंदू आहोत, आमचे खाण्याचे नियम असतात, ती डबा आणेल. धर्म म्हटलं की इथे कोणी पुढे विचारत नाही, नम्रपणे मान झुकवतात. डबा सुरू झाला. ती सगळ्यांत बसून पोळी खायची आणि घरी येऊन अर्धा डबा परत द्यायची. मग एका दिवशी वर्गात कोण घरी काय खातं यावर बोलणं निघालं, आणि आमच्या लेकीबाईंनी खुशाल सांगितलं की आमच्याकडे रविवारी चिकन असतं, अंडी रोज असतात, आणि भात तर आईला फार आवडतो. शाळेतून फोन आला. अगदी गोड आवाजात: जरा येऊन जाल का?

त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत एकच चर्चा होती. युरोपच्या नव्या यादीचा मसुदा आला होता आणि त्यातून फुकुशिमाचा तांदूळच वगळला होता, म्हणजे त्याला यापुढे दाखला नको. आणि त्यांच्या संसदेने ठराव करून हरकत घेतली: आयोगाने त्याला दिलेल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलंय, मसुदा मागे घ्या. आई, मी तो ठराव वाचला आणि रडले. इतकी वर्षं मी एकटीच वेडी आहे असं वाटत होतं, आणि इथे एक अख्खी संसद माझ्या बाजूने उभी होती. मी तो छापून घेतला आणि शाळेत घेऊन गेले.

मुख्याध्यापक वयस्कर आहेत, आवाज बसका. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि इंग्रजी सावकाश वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता तिथे हा नियम होणार नाही?"

आणि आई, मला तू ऐकू आलीस. परीक्षेचे पेपर पुढ्यात, चष्मा नाकावर घसरलेला. सातनंतर सायकल नाही, या तुझ्या नियमावर मी भांडले होते, आणि तू म्हणाली होतीस, "हरकत घे, मी ऐकेन. रद्द करायचा अधिकार मात्र तुला दिलेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आत्ताच शिक." तिथेही तेच आहे. काही नियमांवर संसदेला खरा नकाराधिकार असतो, पण हा त्या जातीचा नियम नव्हता. इथे तिने हरकत घेतली तर आयोगाने फेरविचार करायचा, आणि मग वाटेल ते ठरवायचं. मला हे ठाऊक होतं. कामासाठी मीच ते सगळं वाचलं होतं.

"होईल बहुतेक," मी म्हटलं. "त्यांना ऐकावं लागतं, मानावं लागत नाही."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. माझा खोटेपणा त्यांनी एका शब्दाने काढला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मग म्हणाले, "मुलांच्या आधी मी जेवतो, तुम्हाला माहीत आहे का? रोज. सगळ्या शाळांत मुख्याध्यापक तेच करतात. मला काही झालं नाही तर मग वर्गांत जेवण जातं. तुम्ही शुक्रवारी या. माझ्याबरोबर आधी जेवा. नंतरही नाही म्हणालात तर डबा चालू राहील. मी कारण विचारणार नाही."

बाहेर लेक माझी वाट बघत होती. तिला सगळं समजलं होतं. "मिन्ना तो ओनाजी गा ईई," म्हणाली. सगळ्यांसारखंच हवंय. मी म्हटलं, बाळा, आई विचार करतेय. तर म्हणाली, "आई नेहमी विचार करते आणि मग तेच करते." हे मात्र मराठीत. मुखत्यारपत्र तिने मला कधी दिलं नव्हतं.

मधल्या दिवसांत मी नीट जेवले नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तू म्हणायचीस. यंत्रासमोर बसून पोत्यांमागून पोती तांदूळ तपासले, काही सापडलं नाही, आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता पुढच्यात सापडेल. युरोपचं काय ठरतंय याकडेही डोळा होता. माझ्या एका घासासाठी मी एवढ्या लांबच्या लोकांची परवानगी शोधत होते.

शुक्रवारी गेले. त्यांच्या खोलीत दोन ट्रे होते: भात, मिसो सूप, माशाचा तुकडा, दूध. ते जेवणाआधीचं "इतादाकिमास" म्हणाले, मीही हात जोडले. भाताचा पहिला घास घेताना मला भीती वाटली नाही, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं. माझ्या जिवाची मला फिकीरच नव्हती तर. भात चांगला होता, आपल्या आंबेमोहरासारखा थोडा चिकट. त्यांनी सगळं संपवलं, मीही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, वाढा तिला.

त्यांनी मला वर्गाच्या दारापर्यंत नेलं. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेली मुलं वाढत होती. तिच्या ट्रेमध्ये भाताची वाटी आली, तिने मला पाहिलं आणि हात केला. मीही केला. युरोपचा तो नियम नंतर झाला, तांदूळ यादीतून गेला, आणि आता त्याचे नमुने आमच्याकडे कमी येतात. ती रोज तिथेच जेवते, वजन वाढलंय, आनंदात आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला तेवढं सांगते: त्या दिवशी तिने चॉपस्टिक्सनी पहिला घास उचलला, तेव्हा मी दाराकडे पाठ केली. शाळेतला तो भात खाताना मी तिला अजून पाहिलेलं नाही.