एका खोलीचा शब्द

हार्लो, न्यू हॅम्पशायर
रविवार, १२ नोव्हेंबर १८४३

प्रिय लोइस,

आठ महिने तुला पत्र नाही, त्याची आधी माफी मागतो. शाळेच्या कामाचं कारण लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. शाळेचं काम दर वर्षी इतकंच असतं. तुझी तीन पत्रं माझ्या टेबलावर आहेत आणि तिन्हींच्या शेवटी एकच प्रश्न आहे : अमासाचे आईबाबा कसे आहेत? त्याचं उत्तर लिहवेना, म्हणून पत्रच लिहिलं नाही.

तू आणि मुली बऱ्या असाल. अमासाचा हिवताप या वर्षी तरी सुटला का? त्याच्या आईवडिलांबद्दलचं हे पत्र आहे, तेव्हा आधी तू एकटीने वाच. त्याला काय आणि कधी सांगायचं ते मग ठरव. तो तापातून उठून तिकडून चालत निघेल, ही भीती मला आहे.

इकडे सगळं वाढतंय. लोकरीच्या गिरणीवर तिसरा मजला चढला. बांध आणखी दोन फूट उंच केला. तुझ्या सासऱ्यांचं कुरण बुडालं तेव्हा कुंपणाचे खांब तरी पाण्यावर दिसायचे, आता तेही दिसत नाहीत. गिरणीतल्या मुलींनी दहा तासांचा कामाचा दिवस मागणारा अर्ज विधानसभेकडे पाठवला. तो मी लिहून दिला. हल्ली गावात काही चांगलं करायचं निघालं की लिहायला मलाच बोलावतात, आणि मला ते आवडतं. हे मी रोजनिशीतही लिहून ठेवलंय.

तू अमासाबरोबर दूर गेलीस तेव्हा तुझे सासूसासरे, झेडॉककाका आणि केझियाकाकू, टिल्टनच्या मळ्यावर होते. दर मार्चमध्ये खानावळीच्या दिवाणखान्यात गावाच्या आधारावर असलेल्यांचा लिलाव व्हायचा, तो तू पाहिलायस. जो सगळ्यांत कमी पैशांत सांभाळायला तयार होईल त्याच्याकडे तो माणूस वर्षभर जायचा. टिल्टन दर वर्षी दोघांसाठी बोली खाली आणायचा, म्हणून ते एकत्र राहिले. पण टिल्टन एकच होता. मागच्या जानेवारीत मोझेस स्लीपर, तो लंगडा सुतार, दुसऱ्या एका मळ्यावर मक्याच्या कोठारात गोठून मेलेला सापडला. त्याला उचलणाऱ्यांत मी होतो. लिलाव बंद करून गावाने आपल्या गरिबांसाठी स्वतःचं घर बांधावं, हा ठराव मी त्या आठवड्यात लिहिला. तो लिहिण्यात माझी चूक झाली, असं मला आजही वाटत नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड आहे.

मार्चच्या गावसभेत ठराव आला. निम्मे लोक विरुद्ध होते, खर्चाचं बोलत होते. तेवढ्यात झेडॉककाका मागच्या बाकावरून उठले. अध्यक्ष म्हणाले, "झेडॉक, गावाचं खाणाऱ्याला मत नसतं."

"मत कुठे मागतोय? तोंड तर आहे ना माझं अजून?"

लोक हसले. मग काका माझ्याकडे वळले. "मास्तर, एवढंच सांग. मी आणि म्हातारी एका खोलीत राहू ना?"

मी म्हणालो, "अर्थात, काका. त्यात विचारायचं काय?"

"मग माझी काही हरकत नाही. दर मार्चला बाजारातल्या गुरासारखं उभं राहायचा वीट आलाय. टिल्टन दात तेवढे बघायचा राहिलाय."

ते खाली बसले. ठराव अकरा मतांनी पास झाला. ती अकरा मतं कुठून आली ते मला ठाऊक आहे.

घर सप्टेंबरात उघडलं. विटांचं आहे, कोरडं आहे, खिडक्या मोठ्या आहेत. नियम एका दुसऱ्या परगण्यातल्या नावाजलेल्या घराच्या छापील प्रतीवरून घेतले. त्यांत सातवा असा आहे की पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या भागांत राहतील. रविवारी प्रार्थनेनंतर अर्धा तास नवराबायकोने मधल्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलावं, कुजबुज करू नये.

केझियाकाकूंचा उजवा कान तू असतानाच गेला होता. आता डाव्याने थोडं ऐकू येतं, तेही कुणी अगदी जवळ बसून हळू बोललं तरच. ओरडलं की नुसता गलका होतो, शब्द कळत नाहीत. काकांना हे इतकं सवयीचं होतं की त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. टेबलाच्या पलीकडून ते बोलत, तिला कळत नसे. ते मोठ्याने बोलले की व्यवस्थापक क्रँडल म्हणे, "झेडॉक, आज रविवार आहे." क्रँडल वाईट माणूस नाही. मी त्याची निवड केली ती तो नियम मोडत नाही म्हणूनच.

गेल्या सोमवारी मी घराच्या नोंदवहीत केझियाकाकूंची नोंद पाहिली. 'स्त्री विभाग, क्रमांक नऊ : बुद्धी गेलेली. हाकेला ओ देत नाही.' क्रँडलच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तीन तीन हाका मारते हो मी. भिंतीकडे बघत बसते. काल सूपचा वाडगा उलटा केला. माझ्याकडे अकरा जणी आहेत, हिच्या एकटीच्या किती विनवण्या करू?"

मी म्हणालो, तिला ऐकू येत नाही. ती म्हणाली, "दार आपटलं की दचकते की."

आम्ही तिघे या घराचे पंच आहोत : गिरणीचा ऑर्डवे, चर्चचे डीकन फॉग आणि मी. तिला चाळीस मैलांवरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं, असा प्रस्ताव ऑर्डवेने मांडलाय. मंगळवारी निर्णय आहे.

तू विचारशील, मी त्या दोघांना माझ्याकडे का आणलं नाही. विचारलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. माझी घरमालकीण तयार होती. काका म्हणाले, "तुझ्याकडे जेवलो तर ती भीक. या गावाला एकतीस वर्षं कर दिलाय मी, रस्ते खणलेत. गावाचं खातो तो माझा हक्क आहे. तू तो तुझा नियम तेवढा सरळ कर." मी म्हणालो, नियम बदलायला पुढच्या मार्चची गावसभा लागेल. "मग बसतो मार्चपर्यंत," म्हणाले.

मंगळवारी मी काकांना पंचांसमोर तिच्या शेजारी बसवणार आहे. ती त्यांच्याशी बोलेल आणि सगळ्यांना कळेल. पत्र तोवर ठेवतो. शेवट चांगला लिहिता यावा.

बुधवार, १५ नोव्हेंबर

लोइस, शेवट चांगला नाही.

काल दहा वाजता तिला आणलं. बरीच वाळली आहे. केस आखूड कापलेत, तोही एक नियम आहे. काका दाढी करून, गळपट्टा बांधून आले होते. ते तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, कानाशी तोंड नेलं आणि हळू बोलायला लागले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिला मात्र आलं, हे मी शपथेवर सांगेन. तिची हनुवटी थरथरली. मग तिने खुर्ची सरकवली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

काका पुन्हा पलीकडे गेले, वाकले. तिने डोळे मिटून घेतले.

ऑर्डवेने विचारलं, "ओळखते का तुला?"

"ओळखते म्हणजे? रुसलीय ती." काका हसत होते आणि त्यांना घाम फुटला होता. "दोन महिने मी तिला मुद्दाम दूर ठेवलं असं वाटतंय तिला. नियमाचं तिला कुणी सांगितलंच नाही ना. मागे गाय विकली होती मी, न विचारता. अकरा दिवस बोलली नव्हती. बाराव्या दिवशी आपण होऊन शिव्या दिल्या. मला आठवडाभर तिच्याजवळ बसू द्या, साहेब."

"गायीचं इतिवृत्तात कसं लिहायचं?" ऑर्डवे म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. खरंच लेखणी हातात धरून बसला होता.

डीकन फॉग तिच्याजवळ गेले आणि ओरडले, "केझिया, आज वार कोणता?" ती काही बोलली नाही. रागावलेली केझियाकाकू काय बोलणार, तुला माहीत आहे. तुझ्या लग्नात पाद्रीबाबांशीसुद्धा बोलली नव्हती.

मग काका माझ्याकडे आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "थेरॉन, तुझ्याकडे येतो आम्ही. तुझं जेवतो." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी लगेच उठलो, म्हणालो की दोघांची जबाबदारी मी घेतो, आत्ता नेतो. ऑर्डवेने कायद्याचं पुस्तक उघडलं. बुद्धी गेल्याची नोंद झालेल्या माणसाला फक्त रक्ताचा नातेवाईक नेऊ शकतो, किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस. काका स्वतःच गावाच्या आधारावर, त्यांचं चालत नाही. मी सुनेचा भाऊ. मी कुणीच नाही. हे कलमही लिलावाच्या काळातल्या लबाड्यांमुळे आलेलं आहे, आणि त्यासाठी गावोगाव ज्या सह्या गोळा झाल्या त्यांत माझी आहे.

काकांना 'कळवतो' म्हणून बाहेर पाठवलं. मी म्हणालो, सातव्या नियमाला या दोघांपुरता अपवाद करू, मग तिला बरं वाटतं की नाही ते महिनाभर पाहू. ऑर्डवेने नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "मास्तर, इथे खाली 'कोणत्याही कारणाने अपवाद नाही' असं आहे. छापील प्रतीत हे नव्हतं. अक्षर कुणाचं?"

अक्षर माझं, लोइस.

रविवारी मी तुला लिहिलं की नियम छापील प्रतीवरून घेतले. ते खरं आहे आणि अपुरं आहे. ती ओळ मी जूनमध्ये, शाळेत, भर दुपारी लिहिली. लिहिताना काकांना दिलेला शब्द मला आठवला नव्हता असं सांगता आलं असतं तर मी आज सुखी असतो. आठवला होता. लेखणी थांबली होती. मी मनाशी म्हणालो, ते माझ्या बहिणीचे सासूसासरे, त्यांना सवलत ठेवली तर गाव म्हणेल, मास्तरांनी आपल्या माणसांची सोय केली. आणि मी ती ओळ लिहिली. त्या दिवसाची रोजनिशी काल काढून पाहिली. 'आज स्वतःच्या ओढीवर मात केली', असं लिहिलंय.

इस्पितळात पाठवण्याच्या बाजूने मतं दोनास एक पडली. माझं एक.

क्रँडल म्हणाला, म्हाताऱ्याला आत्ता सांगू नका, आरडाओरडा करेल, बाकीचे बिथरतील. गुरुवारी तिला न्यायची गाडी गेल्यावर मी सांगेन. दोघे पंच हो म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही. इतिवृत्तात ते संमती म्हणून लिहिलं गेलं असणार.

आज दुपारी मी त्या घराच्या अंगणातून येत असताना काका लाकडं फोडत होते. त्यांनी मला थांबवलं. "उद्या गुरुवार. माझ्या हिशेबाने रविवारपर्यंत राग उतरेल. तू पंचांना म्हण, मला नुसतं बसू दे तिच्याजवळ, बोलत नाही मी. मी नुसता बसलो तरी ती चिडते आणि मग बोलते." मी म्हणालो, "म्हणतो." हा दुसरा शब्द.

आता काम. सोबत एक मसुदा ठेवला आहे. केझियाकाकूंना ताब्यात घेण्यासाठी अमासा मला नेमतो, एवढाच मजकूर. त्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. पत्र तिकडे पोचायला तीन आठवडे, परत यायला तीन, बर्फ पडलं तर जास्त. मी तो कागद घेऊन तिला आणायला जाईन. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि तिथे तिच्या कानाशी बसणारं कुणी नाही. त्या सहा आठवड्यांबद्दल मला काही करता येत नाही. कालपासून विचार करतोय, काही सापडत नाही. ती का रुसली आहे हेही तिथल्या लोकांना कळणार नाही. मी पत्र लिहून देणार आहे गाडीवानाजवळ, पण वेड्याच्या नातेवाइकांची अशी पत्रं ते रोज वाचत असतील.

अमासाला माझं नाव सांग. नियम कुणी लिहिला ते सांग. मी घराचा एक पंच होतो एवढंच सांगून थांबू नकोस, ते मी माझ्याबाबतीत पुरेसं केलंय.

गाडी उद्या आठला येते. तू मला लहानपणापासून भित्रा म्हणत आलीस, आणि मी त्याला सावधपणा म्हणत आलो. तुझी क्षमा मागून तुझ्यावर आणखी एक ओझं घालत नाही.

तुझा, अजून भाऊ म्हणवून घेतो तो,
थेरॉन

उद्यासाठी : सातच्या आत झेडॉककाकांना गाडीचं सांगणे.