शेजारणीचं भांडं

सोमवार, १० नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! शाहूवाडीच्या वळणांवर आईनं माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवून ठेवून दमवलं, पण तळं दिसलं आणि ती गप्प झाली. कासारतळं. बावीस उंबऱ्यांची वस्ती, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडे कापणीला आलेलं भात. तळ्याकाठच्या लहान गावांवर पुस्तिका लिहायचं काम मला मिळालंय. ही गावं कुणी वसवली, का टिकली, लोकांनी इथं मुक्कामाला का यावं, वगैरे. सहा गावं, तीन आठवडे. घरमालक आकारामांनी पाण्यालगतचं दोन खोल्यांचं घर दिलंय. ते आणि त्यांची बायको चिमणाबाई वरच्या अंगाला राहतात.

आईला बरोबर आणलं ते बरं केलं. बाबा गेल्यावर मंगळवार पेठेतलं घर विकलं, तिला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि वर तिलाच विचारत राहिलो, करमत का नाही म्हणून. पेठेत दिवसाला चार वाट्या या घरातून त्या घरात जायच्या. फ्लॅटमध्ये दोन वर्षांत एक नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काम झकास चाललंय. आज दोन गावं केली आणि दोन्हीकडे तीच गोष्ट ऐकली. पूर्वी लग्न निघालं की तळ्याच्या काठी सुपारी ठेवून भांडी मागायची. सकाळी पायरीवर पातेली, घंगाळी, पराती हजर. कार्य उरकलं की परत द्यायची. मग कुणीतरी एक भांडं दडवलं आणि तळ्यानं देणं बंद केलं. गंमत म्हणजे तो लबाड माणूस आपल्याच गावचा होता, हे दोन्ही गावं अगदी अभिमानानं सांगतात.

कासारतळ्याचा लबाड कोण, असं आकारामांना विचारलं. ते म्हणाले, “आमच्यात कुणी लबाडी केली न्हाय पावणं. आमीच मागायचं सोडलं.” का, असं विचारल्यावर त्यांना एकदम म्हशीची आठवण झाली.

घरी आलो तर आई खुशीत. दुपारी चिमणाबाईंनी पितळी तपेलीत उकडलेले शिंगाडे पाठवले होते. उंबऱ्यावर ठेवून न बोलता गेल्या, आईला पाठमोऱ्याच दिसल्या. आईनं तपेली लख्ख घासली, मूठभर साखर घातली आणि बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. शेजारचं भांडं रिकामं परत देणं तिच्या कायद्यात बसत नाही. संध्याकाळी मी बघितलं तेव्हा कट्टा मोकळा होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

देवाणघेवाण जोरात आहे. आईचा चिवडा गेला, कमळाच्या देठांची भाजी आली. खोबऱ्याच्या वड्या गेल्या, तांबडा भात आला. असला तांदूळ हल्ली कुणी लावत नाही म्हणे. आई स्वयंपाक करताना गुणगुणते. खरं सांगायचं तर मी सुटलो. दिवसभर गावं हिंडताना मनाला टोचणी राहिली नाही.

एकच गोष्ट चमत्कारिक वाटते. भात वाफाळता असतो आणि तपेलीचं बूड गार पडलेलं. आई म्हणते, बाई फार लाजाळू आहे आणि लुगड्याचा काठ सदा ओला. भातखाचरात राबणाऱ्या बाईचा काठ कोरडा कसा असेल, असं मी म्हणालो खरा. पण खाचरातलं पाणी तर कधीच आटलंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वाटेत चिमणाबाई भेटल्या. भाताचा भारा डोक्यावर होता. मी भाजीचं तोंडभरून कौतुक केलं तर त्यांनी भारा खाली टाकला. म्हणाल्या, कापणी सुरू झाल्यापासून दुपारचं त्या घरीच नसतात. आणि, “आमच्यात पितळंची तपेली न्हायच की हो.”

संध्याकाळी आकाराम आले. घरात येईनात, अंगणातच उभे राहून बोलले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या आत्याकडं असंच भांडं यायला लागलं होतं, न मागता. “आलं तर पालथं घालून पायरीवर ठेवायचं, रिकामं. आत कायबी घालायचं न्हाय. घातलं की शेजारपण लागलं.” आत्या एकटी असायची. तिनं गूळ घातला. सतराव्या दिवशी ती पायऱ्या उतरून गेली ती गेलीच. तेव्हापासून गाव काही मागत नाही.

आईनं आजवर काय काय घातलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बोटांवर मोजत राहिले.

मी हसलो. पण जेवण गेलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी तपेली रिकामी करून पालथी घातली आणि स्वतः पायरीवर राखणीला बसलो. दीड तास. पाण्यावर तरंगसुद्धा नाही. फोन वाजला म्हणून मान वळवली, परत बघतो तर तपेली नाही. ती आमच्या उंबऱ्यावर होती. आत घडी घातलेलं सुती लुगडं. वरून कोरडं, घडी उलगडली की पाणी गळतं.

आईला सगळं सांगितलं. आत्याचंसुद्धा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तिलाही कुणी नसेल रे.”

मला भीती वाटते. लिहूनच टाकतो, मला फार भीती वाटते. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात आईनं लुगड्याच्या बदल्यात बाबांची शाल पाठवली. बाबांची शाल, जिला ती मला हात लावू देत नव्हती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज ओरडलो तिच्यावर. निघू या म्हणालो. तिचं एकच, शेजारणीचं येणं चालू असताना न सांगता कसं जायचं?

भरदुपारी तपेली आली. हळद आणि कुंकू. बाकी काही नाही.

आई बघत बसली. बाबा गेल्यापासून तिला कुणी कुंकवाला बोलावलं नाही. बिल्डिंगमधल्या बायका आमचं दार वगळून पुढं जायच्या आणि ती आतून पावलं ऐकायची. हे मला माहीत होतं. मी कधी काही बोललो नाही. “बोलावणं आलंय, श्रेयस,” म्हणाली आणि चक्क लाजली.

मी तपेली तळ्यात भिरकावली. जितक्या लांब जाईल तितक्या लांब. बुडल्याचा आवाज आलाच नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

निघतोय. बॅगा गाडीत. आकाराम शाहूवाडीपर्यंत सोबत येणार आहेत. आई पुढं बसलीय, पट्टा मीच लावला. कपाळाला कुंकू आहे. विचारलं नाही. घराला कुलूप घालून येतो की —

नंतर.

दोन मिनिटं. तेवढीही नसतील. गाडीची दारं बंद. पट्टा लावलेलाच, पण आत आई नाही. सीट ओली. पायऱ्यांवर पावलं — दोन बायकांची, शेजारी शेजारी. दोन्ही खाली जाणारी —

आकारामांनी मला धरून ठेवलं. त्यांना चावलो मी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

होड्या, गळ, पोलीस. शेवटचं कधी पाहिलं, ते चारदा विचारलं. पंधरा फूट पाणी म्हणाले. पाणबुड्या वर आला आणि सांगायला लागला की तळाशी गाळ नाही, काडी नाही. कुणीतरी रोज झाडत असल्यासारखं. मग तोच परत उतरायला नाही म्हणाला.

मी तिला एकटी ठेवली. दोन वर्षं. मी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दुपार. होडीवाले जेवायला गेलेत.

तपेली उंबऱ्यावर. वर ताटली झाकलेली.

माहीत आहे मला. पालथी घालायची. रिकामी. घालतोच —

बूड गरम आहे. आज बूडसुद्धा गरम.

मसालेभात. लवंगा वेचून काढलेल्या. माझ्या दाताखाली आलेली चालत नाही म्हणून लहानपणापासून ती एकेक — हे दुसऱ्या कुणाला —

खाल्ला. सगळा. रडत खाल्ला.

चिमणाबाई बाहेरून दार बडवतायत. ठेवा म्हणतायत, खाली ठेवा ते. कडी लावलीय मी.

मागच्या दारानं पायऱ्या दिसतात. हाक येते. श्रेयस नाही म्हणत. बंडू म्हणते. बंडू इथं कुणाला —

एवढ्यानं पोट भरलं का, विचारते. पान मांडलंय म्हणते. भात निवतोय, किती हाका मारायच्या तुला —

आलो गं. एवढी ओळ पुरी करून