कुसुमने निवडलेले कागद

राजूर, भोगीचा आदला दिवस, १९३८

"आई, तुझ्यासारखा कागद कुणालाच रंगवता येत न्हाई." कुसुम हे म्हणाली तेव्हा परकरात होती. आता लग्नानंतरची पहिली संक्रांत. सासरी वाटायची तिळगुळाची कार्डं करायला माहेरी आली, आणि कागद निवडले ते माझ्या धाकट्या जावेचे, वत्सलाचे.

मी शाईत बोळा बुडवून ठिपके उठवते. वत्सला खळीत निळी शाई कालवून कागदावर सारवते आणि ओल्यातच फणी ओढते. वाऱ्याने पाणी हलावं तशा रेघा उठतात. सुरेख आहेत, लिहायलाच हवं.

"काकू, फणी अशी नागमोडी कशी वळवता वो?"

"हात सैल सोड की. गुंता काढून राह्यली का?"

दोघी खूप हसल्या. कुसुमच्या केसांचा गुंता इतकी वर्षं मी काढला. वत्सला कागदावर ओढते ती फणीसुद्धा माझीच.

माझे कागद "छान आहेत गं" म्हणून बाजूला ठेवले. चाळिशी उलटली, तरी हा मत्सर? वत्सलाचा काय दोष? पण त्या रेघा डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उद्या ती निघेल. "सगळी एकसारखीच दिसायला पाहिजेत, आई," असंच म्हणेल, ठाऊक आहे. तरी विचारणार: कुसुम, सासूबाईंना द्यायचं तेवढं एक कार्ड माझ्या कागदाचं कर ना.