कापशाला विसरू दे

शेलार, भिवंडी

प्रिय दिना,

"तायडे, तू जळतेस माझ्यावर," असं म्हणून तू फोन ठेवलास. नंतर मी मेसेज लिहायला घेतला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. शेवटी कागद घेतला. कागदावर बोलताना निदान कोणी मध्ये तोडत नाही.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. समोरचा लूमचा कारखाना बंद झाला, पत्रे उतरवले, आता तिथे गोदाम होणार म्हणतात. इतकी वर्षं त्या खटखटीला शिव्या घातल्या, आणि आता आईला शांततेत झोप लागत नाही. परवा शेजारच्या राहीबाईंना तिने तुझा व्हिडिओ दाखवला. "बघा, माझी धाकटी. लांडग्यांची आई म्हणतात तिला पुण्यात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

तो व्हिडिओ मीही पाहिला. तू जाळीशी बसली आहेस, कापशा शेपूट पायांत घालून, पोट जमिनीला घासत तुझ्याकडे येतोय, कुईकुई करतोय, तुझी बोटं चाटतोय. तुझ्या डोळ्यांत पाणी. खाली लिहिलंस, 'अजून ओळखतो मला.' तुझे अश्रू खोटे होते असं मी म्हणत नाही. तू त्याला कसं वाढवलंस ते मी याच घरात पाहिलंय. उसाच्या फडात सापडलेलं ते ओंजळीएवढं पिल्लू आपण दोघी कामाला होतो त्या अंबाडीच्या प्राणी-उद्यानात आलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की माणसाची सवय लावू नका. आणि तू त्याला ओढणीत गुंडाळून तिथून स्कूटरवर घरी आणलंस. गल्लीतली सुताची भुरभुर त्याच्या अंगाला चिकटली आणि तू त्याचं नाव कापशा ठेवलंस. आई ओरडायची, "अगं लांडगा हाय तो, जावई न्हाय!" आणि तू झोपलीस की तीच हळूच उठून त्याचं पांघरूण नीट करायची.

मग तुला पुण्याच्या संस्थेत नोकरी लागली. शाळाशाळांतून प्राण्यांवर बोलायचं, छान काम. तू गेलीस याचा मला राग नव्हता, खरंच नव्हता. पण जाताना तू त्याला परत उद्यानात सोडलंस आणि तुझी पिवळी ओढणी त्याच्या पिंजऱ्यात ठेवून गेलीस. तो रडू नये म्हणून. तो रडला नाहीच. तो तिच्यावर झोपायचा, आणि दुसरा लांडगा जाळीपलीकडे आला तरी तिच्यावर उभा राहून दात दाखवायचा. कळपात सोडला तर कळपाने हाकलला. माणसात ठेवावा तर लांडगा. ओढणी काढून घेतली की खाणं सोडायचा. जानकी ही शांत मादी शेजारच्या आवारात आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जमलं तर हिच्याशीच जमेल, नाहीतर हा जन्मभर एकटा.

तुला माहीतच आहे, दोन जनावरांची गाठ घालायची तर आधी आपण त्यांचे वास एकमेकांकडे पाठवतो. लूमवरच्या कोऱ्या कापडाचे तुकडे एकाच्या अंथरुणात ठेवायचे आणि मग दुसऱ्याला द्यायचे. जानकीचा प्रत्येक तुकडा कापशाने फाडला. मग मी वेगळंच केलं. तो पलीकडच्या कप्प्यात खात असताना तुझ्या ओढणीच्या काठाची एक पट्टी कापायची आणि तिथे तेवढीच जानकीच्या कापडाची पट्टी शिवायची. तो यायचा, हुंगायचा, थांबायचा, मग तिच्यावरच बसायचा. पुढच्या आठवड्यात आणखी एक पट्टी. कोंडूदादा खाण्याच्या बादल्या धुता धुता हसायचे, "रत्ने, लांडग्याला गोधडी शिवतेस काय? आमच्या घरी नातवाला न्हाय शिवली कुनी." पावसाळा सरला तेव्हा त्या ओढणीत पिवळा धागा उरला नव्हता. कापशा जानकीच्या वासावर झोपत होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही मधलं दार उघडलं. तिने त्याच्या मानेवर हनुवटी टेकली. त्याने टेकू दिली. दिना, मला कोणी लांडग्यांची आई म्हणत नाही, पण त्या दिवशी मी बादल्यांच्या मोरीत जाऊन रडले. पुढे दोघं एकाच बकऱ्याच्या बरगड्यांवर शेजारी शेजारी बसू लागली. मग जानकीने करवंदीच्या जाळीखाली माती उकरायला घेतली. डॉक्टर म्हणाले, पिल्लं आहेत.

आणि तू आलीस. माझ्या सुट्टीच्या दिवशी आलीस, हा योगायोग होता असं मी मानायचं ठरवलंय. मॅनेजरसाहेबांनी तुला मागच्या बाजूने, पाहुण्यांना बंद असलेल्या जाळीपर्यंत नेलं. तू त्याला हाक मारलीस, हात आत घातलास. व्हिडिओ तो बोटं चाटतो तिथे संपतो. पुढचं कोंडूदादांनी पाहिलं. तू उठलीस, कॅमेरा बंद झाला, अंजूरफाट्याला ट्रॅफिक लागेल म्हणून तुम्ही घाईने निघालात. कापशा जाळीला चिकटून उभा होता. काय आहे ते बघायला जानकी त्याच्या मागून आली. तू जिथे हात ठेवला होतास ती जागा तिने हुंगली. तो वळला आणि तिच्यावर तुटून पडला. दादांनी पाण्याचा पाइप सोडला, पत्रा वाजवला, तेव्हा कुठे सुटली. पुढचा पाय गेला तिचा. पिल्लंही राहिली नाहीत.

"तुझी बहीन पावनी म्हनून आली नं घर मोडून गेली," दादा म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून बादल्या उचलून निघाले.

हे सांगायलाच मी फोन केला होता. तू 'जानकी' एवढा शब्द ऐकलास आणि म्हणालीस, जळतेस. जळतेच, दिना. इतकी वर्षं रोज त्याची घाण काढते, त्याच्या जखमा धुते, आणि तो मला हुंगून तोंड फिरवतो. मला तेच हवं होतं. आपल्याकडे बघून त्याची शेपूट हलू नये म्हणून झटायचं, ही माझी नोकरी आहे. हे कुठल्याच शाळेत सांगून टाळ्या मिळत नाहीत.

आता का लिहिते ते सांगते. तीन पायांवर जानकी पुन्हा चालू लागली आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी एकदाच बघू. मी नवं कापड आणलंय, पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली आहे. आणि काल साहेबांनी फाटकावर बोर्ड लावला, की येत्या रविवारी तू शाळेच्या मुलांना घेऊन येणार, कापशाला भेटणार. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमची बहीण आली की गर्दी होते, मॅडम. घरचं भांडण घरी ठेवा." तेव्हा तूच त्यांना नाही म्हण. कारण काहीही दे. घरी ये, हवं तेवढं राहा, आई तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे. पण त्या जाळीशी येऊ नकोस, या रविवारीच नव्हे, कधीच नको. तू आलीस तर मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असेल आणि मी ती देणार नाही. मुलांसमोर, साहेबांसमोर, माझ्या सख्ख्या बहिणीला मी फाटकावरून परत पाठवीन. नोकरी जाईल, आई माझ्याशी बोलणार नाही, हे सगळं मी धरून चालले आहे. फक्त ते मला करायला लावू नकोस.

अजूनही तुझीच,
तायडी