आठ सिलिंडर आणि एक फ्रिज

अल खर्ज, सौदी अरेबिया,
शनिवार, ६ एप्रिल २०१९

जिवाभावाचा दोस्त गुरुनाथ यास,

नूरुद्दीनचा सलाम, आणि नमस्कारही (दोन्ही पाठवतोय, जो आधी पोचेल तो तू ठेव, दुसरा सरोजवहिनींना दे). तुझी कंबर कशी आहे? एसटी डेपोतून निवृत्त झाल्यावर तू तिला जरा विश्रांती देशील असं वाटलं होतं, पण कळलं की आता तू अख्ख्या दापोलीच्या विहिरींवरचे पंप खोलत फिरतोस, आणि तेही चहावर. वहिनींच्या गुडघ्यांचीही विचारपूस केली आहे म्हणून सांग. मी मजेत आहे. फोन करायचा सोडून हा बाबा पत्र का लिहीत बसला, असं तू म्हणशील. त्याचं असं आहे, इथे इंटरनेटवरचे फोन धड लागत नाहीत, आणि पत्रात माणसाला मध्येच कुणी तोडत नाही. सध्या एवढी कारणं पुरेत.

आधी हिशेब देतो, म्हणजे पुढचं वाचताना तू हळहळायला मोकळा. एका जुन्या अमेरिकन गाडीची मला पडलेली खरी किंमत अशी: एकतीस शुक्रवार, डाव्या अंगठ्याचं नख (एकच, पण दोनदा), चष्म्याची एक काडी, आणि मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, पांढऱ्याशुभ्र झग्यावर उमटलेला माझा काळा पंजा, जो त्याने हसून सोडून दिला. रियाल यात धरले नाहीत, ते त्याचे होते. आणखी एक बाब आहे, ती मागाहून.

तुला ठाऊकच आहे, गेल्या जूनमध्ये मी शरफुन्निसा आणि लाइबाला गावी पाठवलं. इथे परदेशी माणसाच्या बायकामुलांवर दरमहा माणशी फी बसली आणि ती दरवर्षी वाढत जाणार असं जाहीर झालं. आमच्या इमारतीत रत्नागिरीकडची चार कुटुंबं होती, त्यांतली तीन त्याच उन्हाळ्यात गेली. उरलेल्या एकात आता मी एकटा आहे. घर इतकं शांत झालंय की काय सांगू. मशिदीचा भोंगा माझ्या खिडकीसमोर, पण पहाटेची बांगसुद्धा हल्ली अदबीने येते. वरच्या मजल्यावरच्या इजिप्तवाल्या मिसऱ्याची पोरं माझ्या डोक्यावर फुटबॉल खेळायची, तीही सुधारली. एसीवरच्या कबुतरांनी घुमणं टाकलं. पहिले काही महिने वाटायचं, बायको गेली म्हणून सगळी इमारत माझ्याशी दुखवट्याने वागतेय.

आणि फ्रिज! नऊ वर्षं शरफुन्निसा त्या फ्रिजच्या खडखडीवरून मला ऐकवत होती, की जगाच्या गाड्या दुरुस्त करता आणि घरातला फ्रिज तेवढा परक्याचा. तर डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी मी पुठ्ठ्याची चौपदरी घडी करून त्याच्या मागच्या पायाखाली सारली, आणि तेव्हापासून त्याचा हूं की चूं नाही. नऊ वर्षांचं दुखणं एका पुठ्ठ्यात! तिला हे मुद्दाम सांग. मी फोनवर सांगितलं, पण ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही. एरवी फोनवर आमचं छान चाललंय. पूर्वी दहा मिनिटांत दोन भांडणं व्हायची, आता तीन-चार महिन्यांत एक नाही. ती बोलते, मी हो म्हणतो. लाइबा मध्येच ओरडते, "अब्बा, आर यू देअर?" मी त्यालाही हो म्हणतो.

बाकी माझ्या कानाबद्दल तुला मी काय सांगावं. खेडच्या गॅरेजात बाळकृष्ण मेस्त्रींनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, तोंड बंद आणि डोळे मिटलेले. तुझा हात पान्यावर बसला, माझा कान इंजिनवर. त्या कानावर मी इथे अठ्ठावीस वर्षं काढली. गाडी फाटकातून आत येईस्तोवर मी सांगायचो की तिसरा सिलिंडर आळशी आहे आणि मालकाने तेल बदललेलं नाही. एकदा एका शेखला त्याच्या गाडीत उंदीर आहे हे इंजिन बंद असताना सांगितलं होतं. (उंदीर निघाला. शेख अजून खजूर पाठवतो.)

आमच्या दुकानात पुढे स्पेअर पार्टचा काउंटर आणि मागे गॅरेज. या जानेवारीपासून काउंटरवर दहातली सात माणसं सौदी हवीत असा कायदा लागू झाला. आमच्या काउंटरवर होतो दोघं, एक मी आणि एक केरळचा. केरळचा गेला. मला मागे गॅरेजात ढकललं, आणि तपासनीस आले की मी कुठल्यातरी गाडीखाली आडवा व्हायचं असं ठरलं. माझ्या खुर्चीवर अबू फहद आले. वय अठ्ठावन्न, शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त. पहिल्या दिवशी कुणी फॅन बेल्ट मागितला तर यांनी बेल्ट कुठल्या देशात बनला, तिथे पाऊस किती पडतो, हे सांगून गिऱ्हाईक परत पाठवलं. मी मागे हसत बसलो. पण माणूस गोड, गुरुनाथ. रोज थर्मास भरून कॉफी आणायचे आणि पहिला पेला मला. म्हणायचे, "नूर, खुर्ची तुझी आहे, मी फक्त तिच्यावर बसतो."

आता गाडी. माझा कफील (म्हणजे ज्याच्या नावावर माझा इथे राहायचा परवाना, इकामा, म्हणून ज्याच्या नावावर मी) अबू सत्ताम. दुकान त्याचं, खजुराची बाग त्याची, दुभत्या गाईंना लागणाऱ्या चाऱ्याचा धंदा त्याचा. ऑगस्टात तो मला बागेत घेऊन गेला आणि पंपघरामागे ताडपत्री ओढली. खाली त्याच्या वडिलांनी १९७० साली नवी घेतलेली अमेरिकन गाडी. दोन दारं, आठ सिलिंडर, बॉनेट एवढं लांब की त्यावर लग्नाची पंगत बसावी. आत तीन शेळ्या. मागच्या सीटवर बसलेल्या शेळीने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही तिची टॅक्सी थांबवली. अबू सत्ताम म्हणाला, क्लबची शर्यत आहे मार्चमध्ये, गावाबाहेरच्या सरळ पट्टीवर, चारशे मीटर. मग बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "नूर, ही जर कप घेऊन आली तर वल्लाह, उम्मु लाइबा (लाइबाची आई) आणि मुलगी परत येतील. व्हिसा माझा, फी माझी. तू नुसतं विमानतळावर जायचं."

गुरुनाथ, मी तिथल्या तिथे शेळ्या उतरवल्या.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार त्या गाडीत गेले. नमाज झाली की मी बागेत. इंजिन उतरवलं, सुटं केलं, चटईवर मांडलं. पार्ट अमेरिकेहून यायचे ते अबू फहद नकाशावर बोट ठेवून कुठवर आले ते सांगायचे. फेब्रुवारीत इंजिन परत बांधलं, आणि चालू केलं तेव्हा बागेतले सगळे पक्षी उडाले. अबू सत्तामला आवाज आणखी हवा होता, म्हणून सायलेन्सरच काढून टाकला. मग मी दर शुक्रवारी त्या उघड्या आठ सिलिंडरांच्या उशाशी कान लावून. तू म्हणशील, कापूस तरी घालायचा. कानात कापूस घालून इंजिन ऐकणं म्हणजे हातमोजे घालून मच्छीचे काटे काढणं.

शर्यतीच्या आठवडाभर आधी अबू फहद बागेत आले होते. गाडी चालू होती. ते बाजूला उभे राहिले, मान तिरपी केली आणि हात वर करून म्हणाले की खालून काहीतरी येतंय, माझी आई पितळी खलात कॉफी कुटायची तसं, ठक, ठक. मी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. काही नाही. लोण्यासारखं इंजिन. मी म्हटलं, "उस्ताद, तुम्ही नद्या बघा, इंजिन मला ऐकू द्या." ते म्हणाले, "आमच्या देशात एकही नदी नाही, नूर. म्हणून तर बाकीचं ऐकू येतं." आणि पुन्हा म्हणाले, की तीस वर्षं मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत आलो, शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला पाठीने कळतं, ठोका आहे. मी हसलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला थोडा रागही आला. खुर्ची घेतलीत ती घेतलीत, आता हेही घेता का, असं मनात आलं. शिवाय इंजिन खाली उतरवायचं तर पंधरा दिवस, आणि माझ्याजवळ होते सात. मी मनातल्या मनात लाइबाची खोलीसुद्धा झाडून ठेवली होती.

पंधरा मार्चला दुपारची नमाज करून आम्ही पट्टीवर गेलो. गाडी चालवणार स्वतः अबू सत्ताम (पोट स्टिअरिंगला टेकलेलं, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला). शेजारी एक नवी जपानी गाडी, चालवणारा चिपाडासारखा. इंजिनं तापवायला लागले तसे तिथल्या सगळ्यांनी कानांवर हात दाबले. मी एकटाच खिशात हात घालून उभा. एक जण दुसऱ्याला माझ्याकडे बोट दाखवत होता, काय धीराचा माणूस आहे म्हणून. हिरवा दिवा लागला आणि आपली गाडी अशी सुटली, गुरुनाथ, की मला रडू आलं. शंभर मीटरला एका गाडीच्या लांबीने पुढे. दोनशेला दीड. तेरा-चौदा सेकंदांचा सगळा खेळ, त्यातल्या पहिल्या नऊ सेकंदांत शरफुन्निसा रियाधच्या विमानतळावर उतरून प्रेशर कुकर सामानाच्या पट्ट्यावरून उचलत होती. मग गाडीखालून निळा धूर आला. गाडी मंदावली. जपानी गेली पुढे. आपली पट्टीच्या कडेला जाऊन थांबली, आणि तिच्यामागे तेलाची एक सरळ रेघ.

कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनची बाजू फोडून बाहेर आला होता. मूठ जाईल एवढं भोक. बेअरिंग खाल्लेलं, आजचं नाही, निदान आठ दिवसांचं. अबू सत्ताम वाकला, भोकात बघितलं, म्हणाला, "खलास." मग विचारलं, तू जेवलास का. विमानतळाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. अबू फहदही खलातल्या कॉफीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. थर्मासमधून पेला भरला, माझ्या हातात दिला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले, भूगोलाचा इस्त्रीचा झगा घालून, तेलात.

तर असं सगळं. गाडी पुन्हा पंपघरामागे गेली आहे, शेळ्याही परतल्या आहेत. तू कंबर सांभाळ, पंप जपून खोल, चहाऐवजी एखादेवेळी पैसेही घे. वहिनींना सांग, त्यांच्या हातच्या वालाच्या बिरड्याची आठवण इथे दर रविवारी निघते, आणि काढणारा मीच असतो.

तुझा,
नूरुद्दीन

ता.क. १: येणारा-जाणारा कुणी असेल तर आमसुलं पाठव. इथे मिळतात ती आमसुलं नव्हेत, चामडं आहे.

ता.क. २: मुख्य काम हे. एकदा माझ्या घरी जा, ओटीवर बस, चहा घे, आणि शरफुन्निसाकडून सहज म्हणून काढून घे की डिसेंबरपासून मी फोनवर कशाकशाला हो म्हटलं आहे. यादी करून पाठव. मागच्या पडवीचं काहीतरी आहे असा मला संशय आहे. एक म्हैसही असू शकेल.

ता.क. ३: आता लिहूनच टाकतो. इथल्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर आपल्याकडच्या निघाल्या, साताऱ्याच्या, कौमुदीबाई. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ झाला तेव्हा दार उघडून विचारलं, बाई, सुरू कधी करताय? त्या माझ्यापुढे येऊन मोठ्याने म्हणाल्या, "झालं सगळं, काका." उजवा कान जवळजवळ गेला आहे, डावा त्याच्या मागोमाग निघाला आहे. गाडी आली की आता स्क्रूड्रायव्हरची मूठ अबू फहदच्या कानाला, टोक इंजिनला, आणि हात माझे. काउंटरनंतर माझ्या कानांचंही सौदीकरण झालं. इतके महिने मी धरून चाललो होतो की घरातली शांतता त्या दोघी गेल्याची आहे. त्यातली कानाची किती आणि घराची किती, ते कौमुदीबाईंच्या यंत्रावर निघत नाही. शरफुन्निसाला यातलं काही सांगू नकोस. तिला एवढंच म्हण, की नूरला तुझं अक्षर बघायचंय, पत्र लिही. हे खोटं नाही. लाइबालाही एक ओळ लिहायला सांग, इंग्रजीत चालेल.

ता.क. ४: काल अबू फहद पहिल्यांदाच माझ्या घरी चहाला आले होते. बसल्या बसल्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, नूर, तुझा फ्रिज केवढा खडखडतो.