खालच्या विहिरीचं पाणी

आटपाडी,
बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. सौ. अंकिताला आटपाडीहून चंद्राबाई आजीचा पोटभर आशीर्वाद. आमी सगळी बरी हाय. तुझं अंग कसं हाय, दूध पुरतंय का, कळव.

मला पणती झाली! आख्ख्या गल्लीत पेढं वाटलं. शेजारची बनुबाई म्हणाली, "पोरगी झाली म्हणून कुणी एवढं नाचतं व्हय?" मी म्हटलं, "दोन पेढं जास्त घे, पर तोंड मीट." अक्षर वाकडं येतंय, चौथीपतूरच शाळा माझी.

तुझ्या भावानं, मल्हारनं पाणी बाटलीत भरायचा धंदा काढलाय, तुला पाठवतो त्या बाटल्यांचं सांगायचं हाय. पाणी तपासल्याचा कागद आला. फ्लोराईड नावाला, कॅल्शियम हवं तेवढं. बोअरच्या पाण्यानं माझं दात पिवळं पडलं, अन् हे लय गोड! मशीन म्हणं सगळं क्षार काढतं अन् मोजून थोडं परत घालतं. मल्हार म्हणतो, "आजी, काचेवाणी पाणी. आत काय म्हंजे काय न्हाई." मी म्हटलं, "काय न्हाई कसं रं?" तवा तो मशीन पुसाया लागला.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दिवस गेल्यापासून दुसरं पाणी पोटात ठरलंच न्हाई. हे कुठंतरी प्यायल्यागत वाटतं." मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर दूध न्हवतंच.

प्यालीयास, बाळा. तीन वरसाची हुईस्तवर. हे आपल्या खालच्या विहिरीचंच पाणी. तुझी आई, संयोगिता, पाय घसरून जिच्यात गेली ती. तुझ्या बापानं तिच्यावर पत्रं ठोकलेलं, ते मल्हारनं काढलं. "अंकीला कळवू का?" त्यानं इचारलं. मी म्हटलं, आधी पिऊ दे.

मोटार थांबली की खालनं बांगड्या वाजत्यात. मल्हार म्हणतो, पायपातलं पाणी उतरतंय. सोमवारपासनं मोटार मीच बंद ठेवलीया. तरी वाजत्यात. भ्या वाटत न्हाई गं. नऊ महिनं तिनंच तुला पाजलं, असं वाटून जीव सुखावतो.

सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं विहीर पुजायची असती. आपली तीच हाय. त्या विहिरीपायी तू माहेरी यायचं सोडलंस, पहिल्या बाळंतपणालाबी माधवनगरचं सासर सोडलं न्हाईस, ठाव हाय मला. येशील तर पायऱ्या घासून ठेवते, एकटीला उतरू देणार न्हाई. न्हाई आलीस तर राग न्हाई. पर पाणी पाठवत ऱ्हाऊ का बंद करू, तेवढं तुझ्या तोंडानं सांग.

तुझ्या उत्तराला कान लावून बसलेली,
तुझ्या आईची सासू,
चंद्राबाई