पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी

मंगळवार, ता. ४ जून

चि. चिंगीस,

दादाचे आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा पत्रप्रपंच. अक्षराला हसू नकोस, या हाताला स्पॅनरची सवय आहे, पेनाची नाही.

इकडे सगळं ठीक. वर्कशॉपच्या छताचा पत्रा बदलला, गळती थांबली. आई बरी आहे. ती गुडघ्यांबद्दल कुरकुरते तेव्हा गुडघे बरे असतात, गप्प बसली की समजायचं दुखताहेत. बाबांचा कामाचा डगला तिने अजून खुंटीवरून काढलेला नाही. मीही काढ म्हटलं नाही.

बाबांची गाडी कशी आहे? चार्जिंग पुरतं ना? पेट्रोलचं इंजिन उतरवून मोटर बसवली तेव्हा मी गिअरबॉक्सही काढणार होतो. मोटरला गिअर लागतातच कुठे! तिसऱ्यात टाका आणि दिवसभर हिंडा, बंद पडायची नाही. पण बाबा हटून बसले. "गिअर नसलेली गाडी म्हणजे लिफ्ट. बटण दाबायचं आणि गपचूप उभं राहायचं," म्हणाले. मग काय, त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? क्लचही राहिला आणि दांडाही.

एक काम होतं. तुझं घर चढावर आहे. गाडी लावलीस की हँडब्रेक पूर्ण ओढत जा आणि मागच्या चाकांना विटा लाव. तुला गाडी देण्याआधी हँडब्रेकची केबल मी नवी घातली आहे. कारण विचारू नकोस, थोरल्या भावाचं एवढं ऐक. विसरू मात्र नकोस.

माझ्या भाचीला, ठमूला, गोड पापा.

तुझा, भांडण कधीच विसरलेला,
दादा


शुक्रवार, ता. १४ जून
दुपार, तुझ्या फाटकाबाहेर

चिंगे,

तुझं उत्तर काल मिळालं. उभ्याउभ्याच वाचलं. "हँडब्रेक मी ओढत नाही," तू लिहिलंस. "बाबांनीच शिकवलंय, हँडब्रेक दगा देतो, गिअर देत नाही. चढावर पहिला टाकायचा आणि निर्धास्त झोपायचं. आता गाडी कशी लावायची ते तू मला शिकवणार? बाकी एक गंमत. रोज सकाळी गाडी थोडी खाली आलेली असते. ठमू म्हणते, आजोबा हलवतात. चाकामागे बसून कुंपणाच्या भिंतीवर खडूने रेघा मारते."

तुला लगेच फोन लावला, नेहमीसारखा वाजत राहिला. सकाळची पहिली बस धरली. घराला कुलूप. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, आज तू पायीच गेलीस, ठमूला शाळेतून घेऊन पाचला येशील. गाडीलाही कुलूप, तेव्हा हँडब्रेकला माझा हात पोचत नाही. तुझ्या बागेच्या कडेचे चार दगड उपटले आणि चाकांमागे ठोकले. गुलाबाचं रोप मोडलं, त्याची माफी.

मग रेघा बघितल्या. ठमूने प्रत्येकीपुढे वार लिहिलाय, शहाणी आहे पोर. सोमवारी गाडी बोटभर सरकलेली. बुधवारी चार बोटं. आजची वीतभर. मोटर नवी होती तेव्हा जरा आखडलेली होती, आता रुळली, सैल झाली. आणि आजच्या रेघेपाशी मातीत ठमूच्या छोट्या चपलांचे ठसे आहेत, उकिडवं बसल्यासारखे.

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं गं. पेट्रोलच्या गाडीत बंद इंजिनच चाकं धरून ठेवतं. मोटर धरत नाही. वीज बंद केली की ती सुटी फिरते, मग पहिला गिअर टाक नाहीतर चौथा. दांडा अडकल्यासारखा वाटतो, एवढंच. ही गोष्ट तुला चावी देतानाच सांगायला हवी होती. सांगितली असती तर तू विचारलं असतंस, "दादा, तुला कसं कळलं?" म्हणून तोंड शिवून बसलो.

तोंडाने आताही जमणार नाही. बोलायला लागलो की तीच जुनी गोष्ट बाहेर येते, बाबा वर्कशॉपमधल्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात पडले आणि गेले. इतक्यांदा सांगितली आहे की आता घोकलेला धडा झालाय. म्हणून लिहितो.

बाबा खड्ड्यात पडले नाहीत.

त्या दिवशी फेरी मारून गाडी मी आणली. वर्कशॉपच्या दाराशी, तुझ्याकडच्याहून खडा उतार आहे तिथे लावली, पहिल्या गिअरमध्ये. हँडब्रेक ओढला नाही. तीस वर्षांत कधी ओढलाय? आत जाऊन हात धूत होतो. बाबा मागचा दिवा पुसायला गेले. इंजिन असतं तर निदान गुरगुरलं असतं. ही मुकी. मी फडक्याला हात पुसत बाहेर आलो तेव्हा ते गाडी आणि लोखंडी टेबल यांच्यामध्ये होते.

मी गाडी पुढे घेतली. त्यांना मांडीवर घेतलं. ते म्हणाले, "गिअरमध्ये होती ना रे?" मी म्हटलं, "हो बाबा." त्यांना बरं वाटलं असावं, मान हलवली. तेच त्यांचं शेवटचं बोलणं. दवाखान्यात खड्ड्याची गोष्ट मी सांगितली, आणि आईलाही तीच.

आणखी एक, आणि हे सगळ्यात वाईट. तू भांडून म्हणालीस, बाबांची गाडी मला हवी, तेव्हा मी हूं का चूं केलं नाही. तुला वाटलं, दादाचं मन मोठं. मला ती डोळ्यांसमोर नको होती, बस. नवी केबल घातली आणि मनाची समजूत घातली, झालं, आपलं काम संपलं. तू बाबांचीच लेक आहेस, हँडब्रेकला हात लावणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तरी चावी दिली. तुझ्या दाराशी, ठमूच्या पुढ्यात, मी ती जाणूनबुजून उभी केली.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. मला घरात घ्यायचं की नाही तेही तूच ठरव. रागावलीस तर बिनशब्दाने निघेन. पण त्याआधी गाडीचं दार उघडून हँडब्रेक ओढ, दातओठ खाऊन ओढ.

हे पत्र कुलपात अडकवतो आणि परत खाली येऊन बसतो. पाच वाजायला अजून वेळ आहे. दगड ओल्या मातीत ठोकलेत, मघापेक्षा जरा रुतल्यासारखे वाटताहेत. ठमूला वरच्या अंगाने घरात ने. ती रेघ बघायला धावेल, हात सोडू नकोस. खाली, चाकामागे, तिच्या जागेवर मी बसलो आहे.

गाडी गिअरमध्ये ठेवून हात धुवायला गेलेला,
तुझा दादा